एमबीबीएस तिसऱ्या वर्षाला आहे. व्हॅस्क्युलर सर्जन व्हायचं आहे, पण सीनियर म्हणतात भारतात स्कोप नाही. काय करावं?

‘स्कोप नाही’ हे वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे. मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सर्जन म्हणून काम करते. ओपीडीच्या बाकड्यावर रोज मधुमेहाने सडलेले पाय असतात, विडीपायी बोटं गमावलेले चाळिशीतले पुरुष असतात, डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून घ्यायला, म्हणजे फिस्टुलासाठी, आलेले असतात आणि व्हेरिकोज व्हेन्सची (पायातल्या फुगलेल्या शिरांची) जखम वर्षानुवर्षं बांधून उभ्याने काम करणारे भाजीवाले असतात. रोगी भरपूर आहेत, सर्जन नाहीत. तुमच्या सीनियरला हे सांगा.

मार्ग तुम्हाला ठाऊक असेलच: जनरल सर्जरीत एमएस, मग नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा, मग तीन वर्षं एमसीएच किंवा डीआरएनबी ही सुपरस्पेशालिटीची पदवी. जागा थोड्या आहेत. पण मला सांगायचंय ते वेगळंच.

मी जनरल सर्जरीची रेसिडेंट असताना आमच्या युनिटला एक ऊसतोड मुकादम दाखल झाले. पन्नाशीचे, शुगर जुनी, उजव्या पायाचा अंगठा काळा पडलेला. राउंडला सरांनी ड्रेसिंग सोडायला लावलं, लांबूनच पाहिलं आणि दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनच्या यादीत ‘बीके’ लिहायला सांगितलं. म्हणजे गुडघ्याखालून पाय गेला. संध्याकाळी कन्सेंट घ्यायला गेले तर मामा म्हणाले, “कापा म्हनत असाल तर कापा मॅडम, पर टोळी कोन घेऊन जानार?”

कागद बाजूला ठेवला आणि पाय तपासला. जांघेतली नाडी दणदणीत. गुडघ्यामागे काही नाही, घोट्यामागे काही नाही. कपाटात धूळ खात पडलेलं हातातलं डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र, शोधून काढलं, घोट्यामागे जेल लावून प्रोब टेकवला. निरोगी धमनीचा खणखणीत ठोका नव्हता, एक मंद, लांबट ‘हूऽऽ हूऽऽ’ होतं. पण होतं! अडथळा मांडीत असणार आणि खालची वाट उघडी असण्याची शक्यता होती. पायात पू नव्हता, ताप नव्हता, त्यामुळे दोन दिवस थांबून सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) करायला काहीच हरकत नव्हती.

सर भडकले. “हे पुण्या-मुंबईचे चोचले आहेत. आपल्या पेशंटला घरी जायची घाई असते. कापा आणि मोकळं करा.” मी हटले नाही. आमच्या लेक्चरर मॅडम पाठीशी उभ्या राहिल्या, म्हणून सीटी झाला. मांडीतली धमनी बंद, गुडघ्याखालची उघडी. बाहेरून व्हॅस्क्युलर सर्जन बोलावले आणि मामांच्याच पायातली शीर वापरून बायपास झाला. धमनीवरचा चिमटा (क्लॅम्प) सुटल्यावर त्या सर्जननी मला जोडाच्या खाली धमनीवर बोट ठेवायला सांगितलं. गेला तो फक्त अंगठा. पुढच्या हंगामात मामा टोळी घेऊन कारखान्यावर गेले.

सर एका लग्नात भेटले तेव्हाही म्हणाले, “एका पायापायी केवढा खर्च.” मग कापलेल्या पायाचा खर्च कोण मोजतं? रक्तपुरवठा न बघता बीके केलं, जखम भरली नाही, मग गुडघ्यावरून कापलं, कृत्रिम पाय परवडला नाही, माणूस घरी बसला, बायकोची मजुरीही बुडली. नाडी न बघता पाय कापायचं ठरवणं याला अनुभव म्हणत नाहीत, निष्काळजीपणा म्हणतात. हे मी सरांना तोंडावर सांगितलं आहे.

म्हणून आजपासून वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटच्या पायाची नाडी बघा, मेडिसिनच्या वॉर्डातसुद्धा. सुरुवातीला स्वतःच्याच बोटातले ठोके जाणवून फसगत होते, तेव्हा दुसरा हात पेशंटच्या मनगटावर ठेवून ताल जुळतो का पाहा. मधुमेहात धमन्या कडक होतात आणि एबीआय, म्हणजे घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर, खोटा चांगला येतो. आकड्यावर विसंबू नका. हात बसवायला चिकनच्या मांडीतली धमनी घ्या आणि बारीक प्रोलीनच्या धाग्याने जोडा. रक्तवाहिन्या जोडण्याच्या कामासाठीही १९१२ चं नोबेल मिळवणारा फ्रेंच सर्जन अलेक्सी कॅरेल ल्यों शहरात भरतकाम करणाऱ्या बाईकडे सुई चालवायला शिकला होता, तुम्हाला कसली लाज?

सुपरस्पेशालिटीची जागा निवडताना तिथली अँजिओप्लास्टी (बारीक तार आणि फुग्याने धमनी आतून उघडणं) कोण करतं ते आधीच्या विद्यार्थ्यांना विचारा. कॅथलॅब (जिथे हे काम होतं ती खोली) पूर्ण कार्डिओलॉजीच्या किंवा रेडिओलॉजीच्या ताब्यात असेल तर ती तार, म्हणजे वायर, तुमच्या हाती येणार नाही, आणि आज अर्धं काम वायरचंच आहे.

आता दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. काही पाय कापावेच लागतात. पू पोटरीत चढलाय, जंतुसंसर्ग अंगभर पसरून पेशंट सेप्सिसमध्ये आहे, तिथे बायपासचा हट्ट धरणारा सर्जन पेशंटचा जीव घेईल. चांगलं अँप्युटेशनही शिकाच. दुसरं, रात्री अपरात्री फोन येतात, एक्स-रेपासून वाचवणाऱ्या शिशाच्या एप्रनने कंबर धरते आणि लहान गावात पहिली काही वर्षं हर्निया-अपेंडिक्सवर घर चालवावं लागतं. मी चालवलं. फिस्टुला आणि व्हेरिकोजच्या कामाने हळूहळू जम बसतो.