हेलसिंकीच्या फिनलँडिया हॉलवरचा संगमरवर वाकला कसा, आणि तरीही तिथे पुन्हा संगमरवरच का बसवला?

आपल्या प्रश्नात दोन शंका आहेत. दगडासारखी ठिसूळ वस्तू न मोडता वाकते कशी, ही पहिली. आणि एकदा दगा दिलेला दगड त्याच भिंतीवर पुन्हा का चढवायचा, ही दुसरी. माझे काम खडकांचे पातळ छेद (प्रकाश आरपार जाईल इतके पातळ काप) सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचे असल्यामुळे पहिल्या शंकेबद्दल जरा विस्ताराने लिहितो. दुसरीचे बरेचसे उत्तर त्यातच आहे.

फिनलंडचे वास्तुविशारद आल्वार आल्टो यांनी रचलेली ही संगीत-मैफली आणि परिषदांची वास्तू १९७१ साली पूर्ण झाली. तिच्या बाह्य भिंतींना इटलीतील करारा येथील पांढऱ्या संगमरवराच्या, जेमतेम तीन सेंटिमीटर जाडीच्या लाद्या लावलेल्या होत्या. काही वर्षांतच त्या भाजलेल्या पापडासारख्या वळू लागल्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीस सर्व लाद्या बदलल्या गेल्या, पण नवा दगडही कराराचाच होता आणि तोही वाकला. शिकागोतील ८३ मजली अमोको इमारतीवरही हेच घडले होते. तिथे तर सुमारे ४३,००० लाद्या काढून त्यांच्या जागी ग्रॅनाइट बसवावा लागला. हा दोष मात्र नवा नाही. एडिंबराच्या दफनभूमीतील संगमरवरी स्मृतिशिला फुगून वाकल्याचे आर्चिबाल्ड गीकी या भूशास्त्रज्ञाने १८८० सालीच नोंदवून ठेवले होते.

संगमरवर हा जवळजवळ संपूर्णपणे कॅल्साइट या एकाच खनिजाचा बनलेला असतो, आणि कॅल्साइटचा स्वभाव विचित्र आहे. तापवल्यावर त्याचा स्फटिक एका अक्षाच्या दिशेने दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत सुमारे २६ भाग प्रसरण पावतो, तर त्या अक्षाला काटकोनात असलेल्या दिशेने सुमारे ६ भाग चक्क आकुंचन पावतो. दगडात असे असंख्य कण वेगवेगळ्या दिशांना तोंडे करून एकमेकांना खेटून बसलेले असतात. उन्हाने भिंत तापली की शेजारचे दोन कण एकमेकांना रेटतात किंवा एकमेकांपासून ओढले जातात, त्यांच्यामधील सीमा किंचित उघडते आणि थंड झाल्यावर कण पूर्ववत जागी बसत नाहीत. त्या फटींत ओलावा शिरला की ही वाढ कायमची होते. लादीच्या दोन बाजूंना ऊन आणि ओल सारख्या प्रमाणात मिळत नसल्याने एक बाजू दुसरीपेक्षा जास्त लांबते आणि लादी वाकते. वाकण्यापेक्षा गंभीर गोष्ट अशी की तिची ताकदही त्याबरोबर घटत जाते.

मग सगळेच संगमरवर का वाकत नाहीत? इथे पातळ छेद उपयोगी पडतो. काही नमुन्यांत कणांच्या कडा सरळ असतात आणि तीन कण जिथे भेटतात तिथे जवळपास १२० अंशांचे कोन दिसतात. काहींत त्या कडा नागमोडी, करवतीच्या दात्यांसारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात. पहिल्या प्रकारात सीमा सहज सुटते, दुसऱ्यात सुटत नाही. रासायनिक पृथक्करणात दोन्ही नमुने सारखेच भरतील, आणि दाबबलाच्या नेहमीच्या चाचणीतही ताजा दगड उत्तीर्ण होईल. फरक आहे तो खडकाच्या इतिहासात. कराराचा दगड मुळात सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक. (करारा ज्या डोंगरांत आहे त्यांचे नाव अपुआन आल्प्स असले तरी ते इटलीतल्या अपेनाइन रांगेचे आहेत, खऱ्या आल्प्सचे नव्हेत.) गेल्या तीनेक कोटी वर्षांत तो गाडला गेला, दाबला गेला, तापला. जिथे दाब ओसरल्यावरही उष्णता टिकून राहिली तिथे कणांना निवांत वाढायला वेळ मिळाला आणि त्यांच्या कडा सरळ झाल्या. जिथे खडक शेवटपर्यंत पिळला जात होता तिथे कडा दातेरी राहिल्या. त्यामुळे एकाच डोंगरातल्या दोन खाणींचा दगड वेगळा वागू शकतो. केवळ ‘करारा’ या नावावर माल पसंत करणे मला म्हणूनच धोक्याचे वाटते.

आता दुसरी शंका. आल्टोंना ती भिंत पांढऱ्या संगमरवराचीच हवी होती आणि वास्तू संरक्षित असल्यामुळे तिचे रूप बदलणे सोपे नव्हते. अलीकडच्या, २०२५ च्या आरंभी संपलेल्या नूतनीकरणात मात्र दगड बदलला. या वेळी तो आला खऱ्या आल्प्समधून, उत्तर इटलीतील दक्षिण टिरोल प्रांतातल्या लासा येथून, जिथे सुमारे १,५०० मीटर उंचीवर डोंगर पोखरून संगमरवर काढतात. त्याचे कण कराराच्या दगडापेक्षा मोठे आणि एकमेकांत अधिक गुंतलेले असतात. दरम्यान संशोधनातून चाचणीही प्रमाणित झाली होती: तीन सेंटिमीटर जाडीची पट्टी खालून ओली ठेवायची, वरून ८० अंशांपर्यंत तापवायची, थंड करायची, आणि ही आवर्तने करत ती किती वाकते ते मोजायचे.

जाडीचाही वाटा मोठा आहे. मिलानचे कॅथेड्रल १३८७ पासून आल्प्सच्याच कांडोलिया खाणीच्या संगमरवराने बांधत आणले आहे. तिथले दगड हवेने झिजतात, काळवंडतात, बदलावेही लागतात, पण जाड ठोकळे असल्यामुळे लाद्यांसारखे वाकत नाहीत.

आपण पुण्यातील घरासाठी इटालियन मार्बलचा विचार करत आहात, असेही लिहिले आहे. घरातली फरशी पूर्ण मसाल्यात बसते आणि भिंतीइतकी तापत नाही, त्यामुळे तिथे डाग आणि ओरखडे हीच खरी चिंता. बाहेरच्या भिंतीवर पातळ लाद्या टांगणार असाल, तर विक्रेत्याकडे त्याच खाणीच्या दगडाचा या आवर्तन-चाचणीचा अहवाल मागावा, आणि तो मिळत नसेल तर त्या भिंतीसाठी ग्रॅनाइट घ्यावा.