वेबमेलवर लोगो का दिसत नाही?

प्रश्न : आमच्या सोसायटीचं वेबमेल राउंडक्यूबवर (ब्राउझरमध्ये मेल बघण्याच्या सॉफ्टवेअरवर) आहे. लॉगिनच्या पानावर संस्थेचा लोगो टाकला, पण तिथे फुटक्या चित्राची खूण येते. फाइल चार वेळा अपलोड करून झाली. – एक वाचक, निपाणी

उत्तर : पाचव्यांदा अपलोड करू नका. आधी सर्व्हर काय सांगतोय ते बघा. लॉगिनचं पान क्रोममध्ये उघडा, एफ १२ दाबा, नेटवर्क टॅब निवडा आणि पान पुन्हा लोड करा. लोगोच्या फाइलसमोर जो आकडा येईल, तिथून शोध सुरू करायचा.

४०४ आला तर त्या पत्त्यावर फाइलच नाही. बहुतेक वेळा घोळ नावात असतो. ऑफिसातल्या विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं सारखीच, लिनक्स सर्व्हरला मात्र ती वेगळी. फ्लेक्सवाल्याने दिलेल्या फाइलच्या शेवटी पीएनजी कॅपिटलमध्ये असतं, टेम्पलेटमध्ये, म्हणजे पानाचा साचा असलेल्या फाइलमध्ये, आपण ते स्मॉल लिहितो, आणि तिथेच गाडी अडते. नावात स्पेसही ठेवू नका. शिवाय टेम्पलेटमध्ये तिरक्या रेघेने सुरू होणारा पत्ता राउंडक्यूब स्किनच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलींच्या) फोल्डरपासून मोजतो, वेबसाइटच्या मुळापासून नाही. म्हणजे चित्र त्या स्किनच्याच इमेजेस फोल्डरात हवं.

४०३ असेल तर सर्व्हरने फाइल द्यायला नकार दिलाय. परवानगीचे आकडे तपासा: फाइलला ६४४, फोल्डरला ७५५.

२०० येऊनही चित्र नाही? मग टाइपचा रकाना बघा. तिथे एचटीएमएल असेल तर चित्राऐवजी भलतंच पान आलंय. चित्राचाच प्रकार दिसत असेल तर फाइलमध्ये दोष आहे. कोरल ड्रॉच्या फाइलचं नुसतं नाव बदलून पीएनजी होत नाही. कोरलमधून आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगपद्धतीत, एक्स्पोर्ट करून घ्या.

एसव्हीजी (रेषांच्या रूपात साठवलेलं चित्र) वापरत असाल तर आणखी एक अडचण, आणि आपल्या भागात ती हमखास येते. लोगोत वर मराठी, खाली कन्नड नाव असतं. मराठी श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये, कन्नड नुडीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. ज्या संगणकात ते फॉन्ट नाहीत, तिथे नावाच्या जागी निरर्थक अक्षरं उमटतात. संस्थेचं नाव दोन्ही भाषांत नीट दिसलंच पाहिजे. म्हणून डिझायनरला सांगा: एक्स्पोर्ट करण्याआधी मजकूर निवडून कंट्रोल क्यू दाबा, म्हणजे अक्षरांचे कर्व्ह होतात आणि फॉन्टची गरजच राहत नाही.

फक्त लोगोच बदलायचा असेल तर टेम्पलेटला हात लावू नका. राउंडक्यूबच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमधल्या ‘स्किन_लोगो’ या सेटिंगमध्ये चित्राचा पत्ता द्या. मूळ इलॅस्टिक स्किनमध्ये केलेले बदल पुढच्या अपडेटमध्ये पुसले जातात. पत्ता एचटीटीपीएसचाच द्या. बदल करूनही जुनाच लोगो दिसला तर कंट्रोल शिफ्ट आर दाबा.

प्रश्न : मेलखालच्या सहीतला लोगो मला दिसतो, पण समोरच्याला दिसत नाही. – एक वाचक, खानापूर

उत्तर : सहीचा एचटीएमएल कोड उघडून चित्राचा पत्ता वाचा. तो सी ड्राइव्हचा किंवा ऑफिसच्या नेटवर्कमधला असेल तर चित्र तुमच्यापुरतंच आहे. जीमेल २०१३ पासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळे पत्ता लॉगिनशिवाय बाहेरून उघडायला हवा. मोबाइलचं वायफाय बंद करून, डेटावर तोच पत्ता उघडून बघा. एसव्हीजी किंवा कोडमध्येच अक्षरांच्या रूपात कोंबलेलं (बेस ६४) चित्र जीमेलमध्ये दिसत नाही. साधं पीएनजी ठेवा. काही जणांकडे मेलमधली चित्रं आपोआप उघडत नाहीत. त्यांच्यासाठी ऑल्टमध्ये, म्हणजे चित्राऐवजी दिसणाऱ्या मजकुरात, संस्थेचं पूर्ण नाव लिहा.