फॉरमॅट मारला आणि नोटीस आली

प्रश्न : अंबडच्या कंपनीतली नोकरी सुटल्यापासून सिडकोतल्या घरूनच लॅपटॉप दुरुस्ती करतो. आता कॉलेज रोडला छोटा गाळा बघितलाय. त्याआधीच भानगड झाली. एका फोटोग्राफरचा लॅपटॉप सुरू होत नव्हता. ‘काहीही करा, पण उद्या द्या’ म्हणाला. मी फॉरमॅट मारून विंडोज टाकली. न्यायला आला तेव्हा म्हणे, हार्ड डिस्कमध्ये तीन लग्नांचे फोटो होते! लॅपटॉप तिथेच टाकून गेला आणि आता वकिलाची नोटीस : पंधरा दिवसांत २ लाख ७५ हजार भरा. माझ्या पावतीवर खाली ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची’ असं छापलेलं आहे. नोटिशीकडे दुर्लक्ष केलं तर चालेल का? माझे ३,२०० रुपये मिळेपर्यंत लॅपटॉप अडवून ठेवता येईल का? आणि गाळ्यासाठी काय काय करावं लागेल?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : कायदा नंतर. आधी तो लॅपटॉप बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. फॉरमॅट मारलेल्या हार्ड डिस्कवरचं बरंचसं परत मिळू शकतं, पण त्यावर नवीन काही लिहिलं गेलं की तेवढं कायमचं जातं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. विंडोज टाकली तेव्हा काही भाग गेलाच असेल, उरलेला तरी वाचवा. डिस्क काढून बाजूला ठेवा, तिच्या सिरीयल नंबरचा फोटो काढा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. पुढे ते पुरावा म्हणून द्यायचं झालं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे मूळ फोन सांभाळा.

नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. उत्तर दिलं नाही म्हणून कोणी तुम्हाला अटक करणार नाही. पण गप्प बसलात तर उद्या ग्राहक आयोगासमोर ‘यांना म्हणायचं काहीच नव्हतं’ हे ऐकून घ्यावं लागेल. मुदतीत, वकिलामार्फत उत्तर द्या.

आता त्या छापील ओळीबद्दल. दुरुस्तीला आलेली वस्तू ही कायद्याच्या भाषेत तुमच्याकडे निक्षेप, म्हणजे कामापुरती विश्वासाने सोपवलेली वस्तू असते, आणि १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१ सांगतं की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तुम्ही घ्यायची. स्वतःच्या मशीनला न विचारता फॉरमॅट माराल का? ‘डेटा ठेवायचाय का’ एवढा एक प्रश्न विचारलात की नाही, यावर तुमची बाजू उभी राहील किंवा पडेल. तो विचारला नसेल, तर बारीक टायपातली आणि ग्राहकाची सही नसलेली ओळ फारशी कामाला येणार नाही.

मात्र मागितलेली सगळी रक्कम द्यावी लागेल असंही नाही. त्याच करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे भरपाई मिळते ती सहज घडणाऱ्या, किंवा व्यवहार ठरतानाच दोघांना ठाऊक असलेल्या नुकसानाची. आडवळणाच्या नुकसानाची नाही. आत लग्नाचे फोटो आहेत हे त्याने सांगितलं होतं का, ते चॅटमध्ये शोधा. अर्थात ‘फोटोग्राफरच्या लॅपटॉपमध्ये फोटो नसतील तर काय असेल’ असं समोरचा वकील म्हणणारच. त्यावर आपण विचारायचं की धंदा करणाऱ्या माणसाने तीन लग्नांच्या फोटोंची दुसरी कॉपी का ठेवली नाही. ‘तो व्यावसायिक आहे, ग्राहक आयोगात जाऊच शकत नाही’ या भरवशावर मात्र राहू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकट्याने धंदा करणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक कायद्यातही ग्राहक म्हणूनच धरलं जातं.

लॅपटॉप अडवण्याचा हक्क करार कायद्याचं कलम १७० देतं, पण त्याला अट आहे : ठरलेलं काम ठरल्याप्रमाणे झालेलं असलं पाहिजे. नेमका वाद तिथेच आहे. शिवाय हा हक्क फक्त ठेवून घेण्याचा आहे, विकण्याचा नाही. आणि जुनी उधारी काढून नवीन मशीन अडवायलाही तो पुरत नाही. माझं मत विचाराल तर ३,२०० रुपयांवर पाणी सोडा. नोटिशीच्या उत्तरातच लिहा की त्याच्यासमोर डेटा रिकव्हरीचा प्रयत्न करायला आणि लॅपटॉप परत द्यायला तयार आहात. दोषाची कबुली न देता हे लिहिता येतं. लॅपटॉप देताना ताबा पावतीवर सही घ्या.

गाळा घेण्याआधी जॉब कार्ड छापून घ्या. परवान्यांचं सगळे विचारतात, जॉब कार्डाचं कोणी विचारत नाही. त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर, आत आलेल्या रॅम व डिस्कची नोंद, आधीचे ओरखडे, चार्जर आला की नाही, अंदाजे खर्च हे सगळं हवं. डेटाची ओळ तळाशी नको, मधोमध ठळक : ‘डेटाचा बॅकअप घेतला आहे / घेतलेला नाही / डिस्क पुसण्यास परवानगी आहे’, आणि तिच्याच शेजारी सही. न्यायला कोणी आलंच नाही तर किती दिवसांनी कळवणार आणि पुढे काय करणार, तेही लिहा.

बाकीचं सोपं आहे. नोकर एक-दोनच असतील तर गुमास्त्याची, म्हणजे दुकानाची, नोंदणी लागत नाही. धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना दिली की झालं. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. गाळ्याचा मालक ‘करार कशाला, विश्वास आहे ना’ म्हणाला तरी लिव्ह अँड लायसन्स नोंदवून घ्या. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाचीच आहे.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, आणि का लिहिली नाहीत याचा अंदाज येतो : विंडोज कुठली टाकलीत? क्रॅक केलेली असेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड होऊ शकतो, आणि ते मशीन आता वादातला पुरावा आहे. कंपनीने विंडोजसकट विकलेल्या अलीकडच्या लॅपटॉपची लायसन्स-की बहुधा मदरबोर्डमध्येच असते, तीच आवृत्ती टाकली की ती आपोआप लागू होते. या लॅपटॉपचं काय झालंय ते नोटिशीचं उत्तर लिहिण्याआधी तुमच्या वकिलाला खरं खरं सांगा.