बेल्टचा पंखा काढण्याआधी शराउडचं ऐका

भाऊ, तुमच्या सहा चाकी गाडीचा, रेडिएटरमधलं पाणी थंड करणारा बेल्टवरचा पंखा काढून कारचे दोन इलेक्ट्रिक पंखे लावायचे, लिटरमागे दीड किलोमीटर वाढतो असं नागपूरजवळच्या वाडीत कुणीतरी सांगितलं, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं अन् माझी जुनी टाटा चारशेसात आठवली. मी मेकॅनिक नाही. पैसे जाळून शिकलेला गाडीवाला आहे, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या मिस्त्रीचा.

रिले, फ्यूज, जाड वायर हे तुम्हाला ठाऊकच असेल, ते सोडतो. फक्त तुमची गाडी २४ व्होल्टची असेल तर कारचा १२ व्होल्टचा पंखा तिला थेट जोडू नका. हसू नका, लोक जोडतात.

माझी चूक शराउडची. रेडिएटर अन् पंख्यामधला तो घेर. ज्या दुकानातून पंखा घेतला तिथला माणूस म्हणाला, "याला स्वतःची रिंग आहे, शराउड कशाला?" मी तो काढून भंगारात दिला. रेडिएटरची जाळी वीस बाय वीस इंच, पंखा चौदा इंची. हिशोब करा, चाळीस टक्केसुद्धा जाळी त्याच्यासमोर येत नाही. त्यात पंखा पट्ट्यांवर बसवल्यामुळे जाळी अन् पंख्यामध्ये दोन बोटं फट राहिली.

आपण नागपूरकर, दर एप्रिलला कूलर काढतो. कूलरची एक ताटी काढून ठेवली तर काय होतं? पंखा जोरात फिरतो, पण उघड्या बाजूची गरम हवाच खोलीत येते, ओल्या ताटीतून फारशी ओढली जात नाही. माझ्या गाडीत तेच झालं, पंखा इंजिनाकडचीच तापलेली हवा फिरवत बसला. घरचा कूलर बरोबर बसवणाऱ्या माणसाला हे कळू नये, याचा राग अजून जात नाही.

सपाट रस्त्यावर काहीच कळलं नाही, कारण गाडी पळते तेव्हा समोरची हवा काम करते. आठ दिवस मी खूश. मग मे महिन्यात कळमना बाजारातून कांदा भरून सिवनीकडे निघालो. चौपदरी व्हायच्या आधीचा कुरईचा घाट, दुसरा गिअर, दुपारचे दोन. तापमानाचा काटा चढला, अन् मग एकदम खाली आला. वाटलं, पंख्याने काम केलं. खरं तर पाणी उकळून गेलं होतं, सेन्सर कोरडा पडला होता. पुढच्या वळणावर हेड गॅसकेट, म्हणजे इंजिन अन् त्याच्या वरच्या हेडमधलं पॅकिंग गेलं, हेडही वाकलं. बत्तीस हजार अन् कांद्याचं भाडं, दोन्ही गेलं. दुकानदार म्हणे, "ड्रायव्हरने पाणी बघायला पाहिजे होतं." पाणी बघायला हवं होतं हे खरंच, पण ते त्याने बोलायचं?

आता तुमच्या गाडीबद्दल. इंजिन बंद अन् थंड असताना पंखा हाताने फिरवून बघा. बेल्ट न हलता जरा जड जड फिरला तर तो व्हिस्कस क्लचचा आहे, म्हणजे तापल्यावरच पंख्याला घट्ट पकडणारा; थंड असताना तो मुळातच सैल राहतो. तिथे इलेक्ट्रिकने वाचणार काय? कायम बेल्टसोबत फिरणारा असेल तर फायदा आहे, कारण पंख्याचा वेग दुप्पट झाला की ताकद आठपट लागते. पण भरल्या ट्रकचा मोठा पंखा जी हवा ओढतो, ती कारच्या दोन पंख्यांच्या आवाक्यातली नाही. अन् इंजिनावर फिरून वीज बनवणारा ऑल्टरनेटर ती फुकट देत नाही, ४०० वॉट घ्यायचे तर इंजिनाकडून साधारण ७०० जातात. माझं स्पष्ट मत, ट्रकला इलेक्ट्रिकपेक्षा चांगला व्हिस्कस क्लच बरा. कुणाला पटो न पटो.

जाता जाता, तुम्ही जिनिंगचा माल वाहता असं लिहिलंय. मग रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू बसलेले असणारच. इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवून घ्या. निम्म्या गाड्यांचा तापण्याचा आजार तिथेच जातो, अन् टायरची हवा बरोबर ठेवली की मायलेजचं निम्मं रडगाणं.

पंखा फिरवून बघा अन् काय दिसलं ते इथेच लिहा. तोवर शराउडला पाना लावू नका.