विभागप्रमुखपद घेतलं तर कलाशिक्षकाची राजकीय भूमिका कारकुनीत विरून जाते का?

नाही. ‘खरा कलावंत फायलींना हात लावत नाही’ असं सांगणाऱ्या सहकाऱ्यांच्या स्टुडिओची वेळ, मॉडेलचं मानधन आणि पुढच्या वर्षीचे विद्यार्थी हे सगळं कुठल्या तरी फायलीतच ठरत असतं. ती फाइल ते दुसऱ्याच्या हाती सोडतात, एवढंच.

बाउहाउस या जर्मनीतल्या कला आणि डिझाइनच्या शाळेचं उदाहरण घ्या. १९१९च्या जाहीरनाम्यात वय किंवा लिंग न पाहता प्रवेश देऊ असं लिहिलं होतं. मुली मोठ्या संख्येनं आल्या. मग १९२०मध्ये शाळेचा संस्थापक-संचालक वॉल्टर ग्रोपियसनं शिक्षकमंडळापुढे सूचना मांडली की निवड कडक करावी, विशेषतः स्त्रियांची. जाहीरनाम्याला कुणी हात लावला नाही. बदललं ते कार्यशाळांचं वाटप, आणि बहुतेक मुली विणकामाकडे वळवल्या गेल्या. काचकामाची ओढ असलेली, पुढे विणकामातली नामवंत कलावंत ठरलेली आनी आल्बर्सही तिथेच गेली. तिनं पुढे विणकामात जे केलं ते थोरच, पण त्यामुळे ते वाटप न्याय्य ठरत नाही.

हेच काम उलट दिशेनंही करता येतं. सुरुवात प्रवेशाच्या गुणतक्त्यापासून करा. सफाईला जास्त गुण ठेवले की आधी महागडी शिकवणी लावलेल्यांनाच जागा मिळतात. सराववहीला वेगळे गुण ठेवा. प्रत्येक परीक्षकानं चर्चेआधी गुण लिहून द्यावेत, नाहीतर ज्येष्ठाचं मत तेच सगळ्यांचं मत होतं. साहित्याच्या यादीतून ब्रँडची नावं काढा; कॅनव्हासशेजारी ‘किंवा प्रायमर लावलेला पुठ्ठा’ एवढं लिहिलं तरी एखाद्याचं सत्र वाचतं. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी स्टुडिओ संध्याकाळी उघडा ठेवायचा असेल, तर त्याच ठरावात तंत्रज्ञाची पाळी आणि तिचा मोबदला घाला. ते राहिलं की महिनाभरात दाराला कुलूप लागतं, आणि दोष विद्यार्थ्यांच्या माथी येतो.

इतिवृत्त स्वतः लिहा. ‘चर्चा झाली’ या वाक्याला काही अर्थ नाही. ठराव काय, जबाबदारी कुणाची, तारीख कोणती, खर्च कोणत्या शीर्षाखाली, हे हवं. विरोध नोंदवायला सांगितला असेल तर तोही नावासकट. मसुदा दोन दिवसांत फिरवा आणि पुढच्या बैठकीत पहिलाच विषय म्हणून कायम करून घ्या. ‘आयत्या वेळचे विषय’ डोळ्यांत तेल घालून पाहा. नेमणुका आणि शुल्कवाढ तिथूनच आत शिरतात, तेही निम्मे लोक उठून गेल्यावर.

चित्र काढायला वेळ कमी मिळेल, हे मात्र खरं. आणि गुपचूप काम करण्याची सवय धोक्याचीही आहे, कारण १९२०चा तो निर्णयही गुपचूपच झाला होता. म्हणून निकष अर्ज मागवण्याआधी सूचनाफलकावर लावा, आणि बदलले तर कारणासह लावा.