काउंटर भरला की पुढे काय? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा नमस्कार. मी इंदूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात शिकवलंय की सी मध्ये साइन्ड इंटिजर (अधिक-उणे दोन्ही घेणारा पूर्णांक) ओव्हरफ्लो झाला, म्हणजे जागेत मावेनासा झाला, तर ते अनडिफाइन्ड (भाषेने काही ठरवलेलंच नाही), कंपायलर काहीही करू शकतो. पण लिनक्स कर्नेलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) कोड उघडला तर ॲटॉमिक-टी (अनेक कोअर एकाच वेळी बिनघोळ वापरू शकतील असा काउंटर) च्या आत साधा साइन्ड इंट बसलाय आणि सगळे बिनधास्त त्यात एक-एक मिळवतायत. भंवरकुआंला आमचा ग्रुप अभ्यासाला बसतो तिथे यावरून रोज वाद. एक जण म्हणतो, "भिया, कर्नेलमध्येच बग आहे", दुसरा म्हणतो रस्ट भाषेत लिहा, हा प्रश्नच राहत नाही. खरं काय?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : प्रश्न फार चांगला विचारलास, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात आणि बऱ्याच अनुभवी लोकांच्याही डोक्यात त्या मिसळलेल्याच असतात.

आधी प्रोसेसर. त्याला साइन्ड-अनसाइन्ड काही पडलेलं नसतं, x86 वर... म्हणजे इंटेल-एएमडीवर 'लॉक एक्सॲड' नावाची इन्स्ट्रक्शन आहे, ती 32 बिटची बेरीज करते आणि 2,14,74,83,647 मध्ये एक मिळवला की सरळ उणे 2,14,74,83,648 होतं, ना क्रॅश ना एरर. घोळ घालतो तो कंपायलर. तू "एक्स अधिक एक जर एक्सपेक्षा लहान असेल तर" अशी तपासणी लिहिलीस तर तो म्हणतो साइन्डमध्ये असं होऊच शकत नाही, आणि ती तपासणी उडवून टाकतो. म्हणून कर्नेल कंपाइल होतानाच 'एफ-नो-स्ट्रिक्ट-ओव्हरफ्लो' हा फ्लॅग दिलेला असतो, म्हणजे कंपायलरला आधीच बजावलंय की बाबा, ओव्हरफ्लो झाला तर टूज कॉम्प्लिमेंटने फिरेल, म्हणजे वरच्या टोकावरून थेट उण्याच्या टोकावर जाईल, तू शहाणपणा करू नकोस. कर्नेलच्या ॲटॉमिकच्या डॉक्युमेंटेशनमध्येही हे स्वच्छ लिहिलंय. आणि फक्त कर्नेलच नाही, सी च्या 2011 च्या स्टँडर्डमध्येही ॲटॉमिक साइन्ड टाइपची बेरीज गुपचूप फिरते असंच ठरवलंय, तिथे अनडिफाइन्ड काही नाही. तेव्हा तुझ्या पहिल्या मित्राला सांग, भाषेच्या हिशोबाने बग नाहीये.

आता रस्टवाला मित्र. रस्टमध्ये साधी बेरीज डीबग बिल्डमध्ये ओव्हरफ्लो झाली की पॅनिक होतं (प्रोग्राम एरर देऊन थांबतो) हे खरं, पण ॲटॉमिकवरचं फेच-ॲड (बेरीज करून जुनी किंमत परत देणारं) तिथेही फिरतंच, डीबग असो की रिलीज. आणि याला कारण आहे बरं का. ॲटॉमिक बेरीज एका झटक्यात मेमरीत होऊन जाते, जुनी किंमत तुझ्या हातात येईपर्यंत नवीन किंमत दुसऱ्या कोअरने वाचलेलीसुद्धा असते, मग आता पॅनिक करून काय उपयोग, घोडं तर पळून गेलं. आधी तपासून मगच मिळवायचं असेल तर कंपेअर-एक्सचेंजचा लूप (मधे कुणी किंमत बदलली नसेल तरच लिहायचं, नाहीतर पुन्हा प्रयत्न) फिरवावा लागतो आणि गर्दीत तो महाग पडतो.

पण, आणि माझं सगळं म्हणणं इथेच आहे, फिरणं डिफाइन्ड आहे म्हणजे ते सुरक्षित आहे असं अजिबात नाही. काउंटर कशासाठी ठेवलाय त्यावर सगळं अवलंबून. सिक्वेन्स नंबर असेल, आकडेवारी असेल, तर फिरू दे. रेफरन्स काउंट (एखादी वस्तू किती जण वापरतायत त्याची मोजणी) असेल तर मात्र घात. रेफरन्स काउंट म्हणजे मंगल कार्यालयाच्या दारावरचा चौकीदार समज, आत किती माणसं आहेत ते मोजतो आणि शून्य झालं की हॉल दुसऱ्या पार्टीला देतो. मोजणी फिरून शून्यावर आली तर आत पंगत चालू असताना हॉल दुसऱ्याला दिला जाणार. मेमरीचं नेमकं हेच होतं, त्याला यूज-आफ्टर-फ्री म्हणतात.

हे पुस्तकी नाही. जानेवारी 2016 मध्ये सीव्हीई-2016-0728 या नंबरचा सुरक्षेचा बग बाहेर आला, 3.8 पासूनच्या कर्नेलमध्ये होता. प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) आपल्या सेशन कीरिंगचं (कर्नेलमधल्या चाव्यांच्या जुडग्याचं) नाव देऊन पुन्हा त्याच कीरिंगला जॉइन करायला गेली की कोड आधी नावाने कीरिंग शोधायचा, शोधताना काउंट एकने वाढवायचा, मग बघायचा की अरे हे तर आधीच आपलं आहे, आणि तसाच बाहेर पडायचा. वाढवलेला एक परत कमी करायचं राहून गेलं. प्रत्येक कॉलला एक रेफरन्स गळतोय. काउंटर 32 बिटचा, म्हणजे 4,29,49,67,296 पायऱ्यांत पूर्ण फेरी. हे एवढं कोण करत बसणार असं वाटतं ना? ज्यांनी हा बग शोधला त्यांच्या इंटेल कोअर आय-7 वर अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. काउंट शून्य झाला, कर्नेलने कीरिंगची मेमरी सोडून दिली, प्रोसेसकडे पॉइंटर अजून शिल्लक, त्याच जागेवर स्वतःचा डेटा भरायचा, आणि साध्या यूजरचा रूट, म्हणजे अख्ख्या मशीनचा मालक. दुरुस्ती काय, तर बाहेर पडायच्या आधी रेफरन्स सोडणारी एक ओळ!

मग 2017 मध्ये 4.11 कर्नेलात रेफकाउंट-टी आला. तो फिरत नाही, अडकतो. आताच्या कर्नेलमध्ये ऋण आकडा दिसला की काउंटर उणे 1,07,37,41,824 वर नेऊन ठेवतात, कर्नेल लॉगमध्ये वॉर्निंग येते आणि ती वस्तू पुढे कधीच फ्री होत नाही. मेमरी थोडी वाया जाते, पण वापरात असलेली वस्तू पायाखालून काढून घेतली जात नाही, आणि मला हा सौदा शंभर टक्के पटतो. तोच आकडा का, हे बघण्यासारखं आहे. बेरीज आणि अडकवणं या दोन पायऱ्या आहेत, मधल्या फटीत दुसरे कोअर अजून एक-एक मिळवू शकतात. पण लिनक्समध्ये टास्कची (एका वेळी चालणाऱ्या कामांची) कमाल मर्यादाच 41,94,304, आणि तिथून शून्य 107 कोटींवर, तेव्हा सगळे एकदम घुसले तरी पोचणार नाहीत. महागडा लूप टळला आणि काम झालं. कीरिंगचा काउंटरही नंतर रेफकाउंट-टी झाला.

ग्रुपमध्ये वाद घालायचाच तर कर्नेलच्या एखाद्या ड्रायव्हरमध्ये ॲटॉमिक-टी शोधा आणि विचारा, हा शून्य झाल्यावर काही फ्री होतंय का?

प्रश्न : जिफीज (कर्नेलच्या घड्याळाचे टिक मोजणारा काउंटर) बूट होताना शून्यापासून का सुरू होत नाहीत?
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : मुद्दामच. 32 बिटवर सेकंदाला 1000 टिक असतील तर जिफीज साधारण 49.7 दिवसांनी फिरतात, आणि दीड महिना मशीन चालू ठेवून टेस्टिंग कोण करणार. म्हणून सुरुवातच फिरायच्या पाच मिनिटं आधीच्या आकड्याने करतात, ज्या ड्रायव्हरने थेट "हा आकडा मोठा का" असं विचारलंय तो डेव्हलपरच्या टेबलावरच उघडा पडतो. बरोबर पद्धत म्हणजे टाइम-आफ्टर मॅक्रो, तो आधी वजाबाकी करतो आणि मग चिन्ह बघतो, त्यामुळे अंतर अर्ध्या फेरीपेक्षा कमी असेल तोवर मधे काउंटर फिरला तरी उत्तर बरोबर येतं.