जंगलातले आडवाटेचे धबधबे बघायला छोट्या गटाची टूर घ्यावी, की आपलं आपण जावं?

तुम्ही विचारलंय की ट्रॅक मोबाइलवर उतरवून घेता येतो, धबधबा नकाशावर दिसतो, मग गाइडवाल्या टूरला पैसे कशाला मोजायचे? आणि पोहता येत नसेल तर जाण्यात अर्थ आहे का?

मी दोन्ही प्रकारे भटकलोय. माझं मत विचाराल तर पैसे मोजा. वाट बहुतेक वेळा मोबाइलही दाखवतो. पैसे द्यायचे ते “चला, आता मागे फिरायचं” असं वेळेवर सांगणाऱ्या माणसाला.

घळीतला धबधबा म्हणजे वरच्या सगळ्या पाणलोटाचं पाणी एका तोंडातून खाली येण्याची जागा. तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असतं आणि वर डोंगरात, तुम्हाला दिसतही नाही अशा ठिकाणी, तासाभरापूर्वी धो धो पाऊस होऊन गेलेला असतो. ते पाणी खाली पोचायला वेळ लागतो, म्हणून आपण गाफील राहतो. आणि मग ते हळूहळूच वाढेल असं नाही. अरुंद घळीत काही मिनिटांत गुडघ्याचं पाणी छातीला लागू शकतं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. त्यामुळे जोराचं पाणी नुसतं सहा इंच असलं तरी धडधाकट माणसाचा पाय उचलू शकतं.

एका गाइडची सवय माझ्या डोळ्यांसमोर आहे. डोहावर पोचल्याबरोबर, कुणी बुटाची नाडी सोडायच्या आत, त्याने एक काटकी उचलली, पाण्याच्या अगदी कडेला वाळूत खोचली आणि पाणी टेकलं होतं तिथे सालीवर नखाने ओरखडा काढला. मग तो खडकाला टेकून निवांत बसला, गप्पाही मारत होता. पण दर थोड्या वेळाने त्याची नजर त्या काटकीवर जायची. पाणी ओरखड्याच्या वर गेलं की सगळ्यांनी बाहेर यायचं, चर्चा नाही. बाकीच्या खुणाही त्यानेच सांगितल्या: नितळ पाणी गढूळ होणं, पानं-काड्या एकदम जास्त वाहत येणं, धबधब्याचा आवाज जड होणं. यातलं एक जरी झालं तरी सामान गोळा करत बसायचं नाही. आणि ओढ्याच्या काठाने खाली पळायचं नाही, बाजूच्या चढावर चढायचं. पाण्याशी शर्यत लावून कुणी जिंकत नाही.

पोहता येत नसेल तर खुशाल जा. मला काळजी पोहणाऱ्यांची वाटते. धार पडते तिथलं पांढरं फेसाळ पाणी म्हणजे निम्मी हवाच असते, त्यात अंग नेहमीसारखं तरंगत नाही. शिवाय वरून आदळणारं पाणी तळाशी जाऊन उलटं फिरतं आणि माणसाला परत धारेखाली ओढतं. म्हणून डोहात उतरायचंच असेल तर धारेपासून लांब, जिथे पाणी शांतपणे बाहेर पडतं त्या उथळ बाजूला. कड्यावरून उड्या मारू नका. मागच्या वर्षी कुणी उडी मारली होती याला काही अर्थ नसतो, कारण प्रत्येक पुरात डोहाच्या तळातले दगड आणि ओंडके जागा बदलतात. धबधब्याच्या माथ्यावरून ओढा ओलांडणं तर कुणीही सांगितलं तरी करू नका.

छोट्या गटाचा फायदा इथेच कळतो. सहा-आठ जण, पुढे एक गाइड आणि शेवटी दुसरा, म्हणजे मागे राहिलेला माणूस कुणाच्या तरी नजरेत असतो. वीस-पंचवीस जण असले की पहिला माणूस डोहावर पोचतो तेव्हा शेवटचा अजून आधीच्या ओढ्यापाशी उभा असतो. धारेजवळ तर हाकही ऐकू जात नाही, त्यामुळे शिट्टी आणि हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्याव्या लागतात. चांगला गाइड हे निघण्यापूर्वी करतो.

टूर निवडताना फोटो बघू नका, फोन करा. “कोणत्या परिस्थितीत तुम्ही अर्ध्या वाटेतून परत फिरता आणि तेव्हा पैशांचं काय?” एवढा एकच प्रश्न माझ्या मते पुरेसा आहे. ज्याच्याकडे ठरलेलं उत्तर असतं त्याने त्याचा विचार केलेला असतो. “आम्ही नेतोच, काळजी करू नका” असं ऐकलं की मी फोन ठेवतो. गाइड त्याच भागातला असेल तर फारच उत्तम.

त्यावरून आठवलं, जाहिरातीतल्या “गुप्त” या शब्दाला फार भुलू नका. पेरूमधला गोक्ता धबधबा 771 मीटरचा आहे. 2002 मध्ये श्टेफान झीमेनडॉर्फ या जर्मन माणसाने तो पाहिला आणि 2006 मध्ये त्याची उंची जाहीर झाल्यावर जगभर बातम्या झाल्या. समोरच्या कोकाचिंबा गावातल्या लोकांना तो पिढ्यानपिढ्या दारातून दिसत होता! तेव्हा स्थानिकांनी एखाद्या डोहात उतरू नका म्हटलं, तर अंधश्रद्धा म्हणून हसण्याआधी तिथे पूर्वी काय घडलंय ते विचारा.

चालण्याबद्दल थोडक्यात. बूट खोल खाचांच्या तळव्याचे हवेत, सपाट सँडल किंवा चपला नकोत. ओल्या कातळावरचं काळपट, चकचकीत शेवाळ हिरव्यापेक्षा दगाबाज असतं, कारण ते शेवाळ आहे हेच लक्षात येत नाही. चढताना सोपा वाटलेला टप्पा उतरताना अवघड जातो, म्हणून ताकद शिल्लक ठेवा. ओढा ओलांडताना सॅकचा कमरपट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकन काढून टाकता येते. जळू चिकटली तर मीठ किंवा काडीचा चटका नको, त्याने तिच्या पोटातलं जखमेत येऊ शकतं. नख आडवं सरकवून तोंडाकडची बाजू सोडवा. रक्त थोडा वेळ वाहत राहील, कारण ती रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते. घाबरायचं कारण नाही.

ऐन पावसाळ्यात धबधबा भरून वाहतो, पण जवळ जाता येत नाही. कोरड्या दिवसांत डोह हाती लागतो, पण धार करंगळीएवढी. पाऊस ओसरल्यानंतरचे काही आठवडे मला सगळ्यात आवडतात. निघायचं मात्र सकाळी लवकर. दाट झाडीत अंधार बाहेरच्यापेक्षा बराच आधी पडतो आणि परतीच्या वाटेवर सगळे दमलेले असतात. फोटोची आवड असेल तर ढगाळ हवेला नावं ठेवू नका. दुधासारखी धार हवी असेल तर शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास ठेवावं लागतं आणि कडक उन्हात त्या वेगाला फोटो पांढराफटक पडतो.

जाताना पायाला जखम किंवा चिरा असतील तर त्या नीट झाकून घ्या किंवा पाण्यात उतरूच नका. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू प्राण्यांच्या मुतातून पाण्यात येतात आणि अशाच जखमांतून शरीरात शिरतात. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, तोवर सहल विसरलेली असते. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं, तर डॉक्टरांना जंगलातल्या डोहात उतरला होतात हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.